समुद्रकाठची जुनी सेडान : इंजिन आणि स्टिरिओविषयी वाचकांचे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची या वेळी जी पत्रे आली, त्यांतील बरीच एकाच विषयाची होती. घरात पंधरा-वीस वर्षे वापरलेली सेडान आहे, ती विकायला मन होत नाही, तर तिच्या इंजिनात थोडी ताकद आणि आत चांगला आवाज आणता येईल का, असे या वाचकांनी विचारले आहे. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. खारी हवा, तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आणि घाटांचे रस्ते यांमुळे कोकणातील गाडीचा हिशेब देशावरच्या गाडीपेक्षा वेगळा होतो, म्हणून उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २००६ सालची होंडा सिटी झेडएक्स आहे, आय-डीएसआय इंजिनाची. वडिलांनी ती नवी घेतली होती; आता १ लाख ३० हजार किलोमीटर झाले आहेत. कोल्हापूरला जाताना आंबा घाटात चार माणसे आणि सामान असले, की दुसऱ्या गिअरवर यावे लागते. पूर्वी त्याच चढावर ती तिसऱ्यावर जात असे. एका गॅरेजने उघडा कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि ईसीयू रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची फेरजुळणी) असे मिळून ८० हजारांचे काम सुचवले आहे. दुसऱ्याने सांगितले, की त्यापेक्षा याच सिटीचे अधिक ताकदीचे व्हीटेक इंजिनच बसवून घ्या. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘पूर्वी ती तिसऱ्यावर जात असे’ हे आहे. त्याचा अर्थ असा, की आपल्या इंजिनाला नवी ताकद नको आहे, हरवलेली ताकद परत हवी आहे. ती कोठे गेली हे न शोधता वरून सुटे भाग चढवले, तर पैसे जातील आणि चढ तसाच राहील.

हे इंजिन नवे असताना ७७ अश्वशक्तीचे होते. त्याची रचना खालच्या फेऱ्यांवर जोर मिळावा अशी आहे, आणि घाटात चार माणसे घेऊन चढणाऱ्या गाडीला नेमके तेच लागते. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण आठ स्पार्क प्लग असतात. मागच्या बाजूच्या चार प्लगांपर्यंत पोचण्यासाठी वायपरखालचे आवरण काढावे लागते, आणि ते काम किचकट असल्यामुळे पुढचे चार बदलून मागचे तसेच ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. आपल्या गाडीचे आठही प्लग शेवटचे कधी बदलले गेले हे बिलांवरून पाहावे. नोंद नसेल तर आठही बदलावेत आणि त्याच वेळी आठही कॉइल तपासून घ्याव्यात. या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, हीसुद्धा हाताने सेट करावे लागतात. ते काम वर्षानुवर्षे राहिले असेल, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि पिकअप हळूहळू, लक्षातही येणार नाही अशा बेताने, कमी होत जातो.

टॅपेट झाले, की मेकॅनिककडून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा आणि बॅटरी पूर्ण चार्ज असावी. आकडा किती येतो यापेक्षा चार आकड्यांत फरक किती आहे हे अधिक बोलके असते. दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर काळजीचे कारण नाही. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. जिथल्या तिथे राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा आहे. अर्ध्या-पाऊण तासाची ही चाचणी झाल्याखेरीज कोणत्याही गॅरेजला ८० हजारांच्या कामाचा होकार देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

किनाऱ्यावरच्या गाडीत ताकद चोरणाऱ्या आणखी काही जागा असतात, आणि त्यांचा इंजिनाशी संबंधही नसतो. खाऱ्या हवेने ब्रेक कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकतात. मग ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो आणि गाडी कायम ओढल्यासारखी चालते. पुढची बाजू जॅकवर घेऊन, गिअर न्यूट्रलला ठेवून, चाके हाताने फिरवून पाहावीत. एक चाक सहज फिरते आणि दुसरे जड जाते, असे आढळले तर आपल्या तिसऱ्या गिअरचा काही भाग तेथेच सापडेल. एसीच्या कंडेन्सरच्या बारीक पात्या समुद्राकाठी झडून जातात, त्यामुळे दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर इंजिनाकडून अधिक ताकद मागतो. सायलेन्सरच्या पाइपला ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, गंजून भोक पडले असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, भासते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो; ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही एकदम घसरल्याचे हे नेहमीचे कारण आहे. क्लच घसरतो आहे का, तेही चढावरच पाहावे. फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर इंजिनाला दोष देण्याचे कारण नाही.

आता सुचवलेल्या तीन गोष्टींकडे येऊ. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा साधारण तीन अंशांनी गरम झाली, की तिची घनता एक टक्क्याने कमी होते. घाटात सावकाश चढताना बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा पंचवीस-तीस अंशांनी गरम असू शकते. म्हणजे ताकद वाढवण्यासाठी बसवलेला फिल्टर, ती सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच, ती कमी करतो. कंपनीचा मूळ डबा बाहेरची थंड हवा आत घेईल अशा रीतीने केलेला आहे. त्यात नवा, चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर घालावा, आणि जांभ्याच्या तांबड्या धुळीचा विचार करून तो पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरापेक्षा लवकर बदलावा. थंड हवेसाठी नळी खाली बंपरपर्यंत नेण्याचा प्रकार कोकणात मुळीच करू नये. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि त्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

फ्री-फ्लो सायलेन्सरचा लाभ वरच्या फेऱ्यांत मिळतो आणि खालच्या फेऱ्यांतला जोर बहुधा थोडा कमी होतो, म्हणजे आपल्या गरजेच्या नेमके उलट. मूळ सायलेन्सर गंजलाच असेल, तर मूळ व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा करून घ्यावा आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू देऊ नये. तो काढल्यास पीयूसीत गाडी नापास होण्याची पाळी येते, आणि तसे झाले नाही तरी मागून चालणाऱ्या माणसांच्या नाकातोंडात जो धूर जातो तो आपलाच असतो. टर्बो नसलेल्या इंजिनात रिमॅपने साधारण पाच टक्के, फार तर त्याहून थोडा अधिक फरक पडतो. आपल्या बाबतीत तो चार-पाच अश्वशक्तींचा ठरेल. वर सांगितलेली दुरुस्ती पूर्ण झाल्यावरही मन भरले नाही तर रिमॅपचा विचार करता येईल. थकलेल्या इंजिनाला मात्र रिमॅप करू नये.

व्हीटेक इंजिनाची ताकद १०० अश्वशक्तीची आहे, हे खरे. परंतु त्यासोबत ईसीयू, वायरिंग, इनटेक आणि इतर अनेक गोष्टी बदलाव्या लागतात, कागदपत्रांचा प्रश्न वेगळाच आहे (पुढील पत्र पाहावे), आणि भंगारातून आलेल्या इंजिनाचे आयुष्य किती उरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तेवढ्या खर्चात चांगली जपलेली अख्खी व्हीटेक सिटी मिळत असेल तर तीच घेणे शहाणपणाचे. पण वडिलांची गाडी ठेवायची असेल, तर तिचे स्वतःचे इंजिन ठेवावे.

उरलेल्या पैशांतून ब्रेकचे काम अवश्य करावे, कारण घाट जितका चढायचा तितकाच उतरायचाही असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावा मुरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळले की पेडल सरळ खाली जाते. दर दोन वर्षांनी ते बदलावे. किनाऱ्यावर यात चालढकल नको.

प्रश्न : जुन्या गाडीत त्याच कंपनीचे अधिक ताकदीचे इंजिन बसवणे कायदेशीर आहे का? आरटीओत विचारले तर वेगवेगळी उत्तरे मिळतात. स्टिरिओलाही परवानगी लागते का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निकामी इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवायचे असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओकडे, म्हणजे एमएच-०७ असेल तर सिंधुदुर्गच्या कार्यालयात, लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी उत्तरे वेगवेगळी मिळतात, म्हणूनच हा आग्रह. इंजिनाचे पक्के बिल आणि ते ज्या गाडीतून काढले तिचे कागद मिळत नसतील, तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी जाते, तेव्हा गाडी प्रत्यक्ष तपासली जाते आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिला जातो. इतकी वर्षे जपलेली गाडी त्या दिवशी अडून राहिली, तर दुःख मोठे होईल.

स्टिरिओची नोंद पुस्तकात नसते, त्यामुळे त्याला अशी परवानगी लागत नाही. विमा कंपनीला मात्र कळवावे. नंतर बसवलेल्या विद्युत उपकरणांसाठी त्यांच्या किमतीच्या साधारण ४ टक्के अधिक हप्ता घेऊन ती विम्यात जोडून घेण्याची सोय आहे. बिले जपून ठेवावीत.

प्रश्न : माझ्या २००४ च्या ह्युंदाई ॲक्सेंटमध्ये मी अँड्रॉइड स्टिरिओ, चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर, चारही दारांत स्पीकर आणि डिकीत सबवूफर बसवला. ॲम्पवर १२०० वॉट लिहिले आहे. आता तीन तक्रारी आहेत. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिटी येते, गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात दारांतले स्पीकर फाटके वाजू लागले आहेत. बसवणारा म्हणतो, मोठी बॅटरी घ्या.
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : मोठी बॅटरी घेऊ नका, निदान आता तरी नको. आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ सामानापेक्षा ते बसवण्याच्या पद्धतीत असावे, आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहे.

आधी शिटीचे पाहू. फेऱ्यांबरोबर चढणारी शिटी अल्टरनेटरची असते, आणि ती बहुतेक वेळा खराब अर्थिंगमधून आत शिरते. स्टिरिओचा आवाज कमी-जास्त करून पाहावा. शिटीही त्याबरोबर कमी-जास्त होत असेल, तर ती स्टिरिओच्या आधी किंवा स्टिरिओतच शिरते आहे. आवाज पूर्ण बंद करूनही ती तेवढीच राहत असेल, तर दोष स्टिरिओकडून ॲम्पकडे गाण्याचा संकेत नेणाऱ्या आरसीए केबलमध्ये किंवा ॲम्पच्या अर्थिंगमध्ये आहे. बॅटरीकडून येणारी जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए केबल दुसऱ्या बाजूने नेलेली असावी. दोन्ही एकाच खाचेतून ओढणे हा वेळ वाचवण्याचा प्रकार आहे आणि तो सर्रास केला जातो.

अर्थिंगबद्दल मला अधिक सविस्तर सांगायचे आहे, कारण समुद्रकाठी निम्मे दुखणे येथेच असते. ॲम्पची काळी वायर सीटच्या एखाद्या बोल्टखाली रंगावरच दाबलेली असेल, तर आज ती चालेल आणि वर्षभरात तिच्याखाली गंज धरेल. जागा पत्र्यापर्यंत घासून उघडी करावी, नीट क्रिंप केलेली रिंग दातेरी वॉशरसह बोल्टने आवळावी आणि मग वरून रंग किंवा पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. थर सांधा आवळल्यानंतर द्यायचा असतो, आधी नव्हे. तपासणीसाठी वायरमनला सांगावे, की गाणे मोठ्याने वाजत असताना मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी ॲम्पच्या अर्थ टोकाला लावून व्होल्ट पाहा. तेथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसले तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर काम नव्याने करायला हवे. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या कंपनीच्या मूळ अर्थ पट्ट्याही एवढ्या वर्षांत आतून हिरव्या पडलेल्या असतात. त्या बदलण्यास किरकोळ खर्च येतो, आणि त्यानंतर दिव्यांपासून सेल्फपर्यंत सगळेच सुधारते.

जाड वायर शुद्ध तांब्याची आहे का, तेही पाहावे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर पुष्कळ विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. खाऱ्या दमट हवेत तिची टोके पावडर होतात, सांधा तापतो, आणि तापलेला सांधा कार्पेटखाली असतो. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज नसेल, तर तो बसेपर्यंत ॲम्पची वायर काढून ठेवावी. पत्र्याच्या कडेला वायर कातरली गेली तर आग टाळणारी तेवढी एकच गोष्ट असते.

आता बॅटरीचे. गाडी बंद करून, दारे लावून अर्धा तास थांबावे आणि बॅटरीतून किती प्रवाह जातो ते मोजावे. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक मानतात. अँड्रॉइड स्टिरिओ नीट झोपी जात नसेल आणि २०० मिलिअँपिअर ओढत असेल, तर चार दिवसांत सुमारे १९ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ३५–४० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मे. नंतर बसवायच्या स्टिरिओंत साधारणपणे पिवळी वायर बॅटरीची, लाल वायर चावीनंतरच्या पुरवठ्याची आणि निळी-पांढरी वायर ॲम्पला जागे करणारी असते. लाल आणि पिवळी एकत्र जोडली असतील, किंवा निळी-पांढरी सोडून ॲम्प कायम पुरवठ्यावर ठेवला असेल, तर आपला दोष तेथेच सापडेल.

दारांतले स्पीकर पाण्याने गेले आहेत. काचेच्या फटीतून दारात पाणी येतेच. ते खालच्या भोकांतून बाहेर जावे अशीच दाराची रचना असते. आवाज सुधारण्यासाठी चिकटवलेल्या शीटने ती भोके बुजली असतील तर दार आतून कुजते. स्पीकरखालची कडी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) असेल तर ती फुगते. ती मरिन प्लायची किंवा टणक प्लॅस्टिकची करावी. स्पीकर कागदी कोनाऐवजी पॉलिप्रॉपिलिनचा आणि फोमऐवजी रबरी कडेचा घ्यावा. दाराच्या आत कंपनीने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा काढून फेकला असेल, तर तो पुन्हा लावून घ्यावा. कंपन रोखणारी शीट ब्यूटिलचीच असावी, कारण डांबरी शीट उन्हात मऊ होऊन ओघळते.

१२०० वॉटचा आकडा मनावर घेऊ नये. ॲम्पवरचा फ्यूज पाहावा. तो ३० अँपिअरचा असेल, तर १३.८ व्होल्टला आत जाणारी ताकदच सुमारे ४१४ वॉट होते, आणि एबी वर्गाच्या ॲम्पमधून त्यातील जेमतेम निम्मी-पाऊण बाहेर येते. त्याने बिघडत काही नाही. चार स्पीकरांना प्रत्येकी ५० खरे, म्हणजे आरएमएस, वॉट मिळाले तर सेडानच्या आत भरपूर आवाज होतो. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, कानाला तो थोडासाच मोठा लागतो. पुढे कधी खर्च करायचाच झाला, तर पुढच्या दोन दारांतले स्पीकर आणि त्यांची बसवणूक यांवर करावा; मागच्या दारांच्या स्पीकरांनी गाण्यात फारशी भर पडत नाही.

प्रश्न : १९९६ ची कार्ब्युरेटरची मारुती एस्टीम हौसेने ठेवली आहे. हल्लीच्या पेट्रोलवर ती सकाळी अडखळते आणि पेट्रोलचा वास येतो. कार्ब्युरेटर काढून एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) करावे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : करू नये. नंतरच्या एमपीएफआय एस्टीमचे इंजिन सोळा व्हॉल्व्हचे आणि ८५ अश्वशक्तीचे, आपले ६५ चे. केवळ इंजेक्टर लावून तो फरक भरून निघत नाही, आणि उच्च दाबाचा पंप, परतीची नळी, सेन्सर, ईसीयू असा सगळा संसार मांडावा लागतो.

आपला त्रास इथेनॉलचा आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले. इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते आणि त्याला जळण्यासाठी हवाही कमी लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेले इंजिन मिश्रण आपोआप सुधारून घेते. कार्ब्युरेटर घेत नाही, म्हणून मिश्रण पातळ पडते आणि थंड इंजिन अडखळते. जाणत्या मेकॅनिककडून मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, किंचित मोठा करून घ्यावा आणि आयडल मिश्रण पीयूसीच्या यंत्रावर लावून घ्यावे.

पेट्रोलचा वास हा मात्र धोक्याचा इशारा आहे. जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम आणि सील इथेनॉलने फुगतात, मग चिरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या, आतून फ्लुओरोरबर असलेल्या, बसवून घ्याव्यात आणि तोपर्यंत गाडी घराला लागून उभी करू नये. इथेनॉल हवेतील पाणी शोषते, आणि पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते. पत्र्याची टाकी तेथूनच गंजते. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर फिरवून पेट्रोल वापरात ठेवावे.

प्रश्न : मुलाने पहिल्या पगारातून आमच्या जुन्या सेडानमध्ये बारा इंची सबवूफर बसवला आहे. गाडी अंगणात आली की घरातली भांडी थरथरतात. त्याला दुखवायचे नाही, पण त्याच्या कानांची काळजी वाटते.
— एक आई, अलिबाग

उत्तर : आपली काळजी योग्य आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. काचा लावलेल्या गाडीत मोठा सबवूफर हा आकडा सहज ओलांडतो. गाडीतून उतरल्यावर कानात गुणगुण होत असेल किंवा बोलणे दबलेले ऐकू येत असेल, तर ती दुखापतीची खूण आहे. असे वारंवार झाले तर गेलेले ऐकणे परत येत नाही. हे त्याला शांतपणे सांगावे.

सबवूफर काढायला सांगण्याची मात्र गरज नाही. गडगडाट बहुधा चुकीच्या जुळवणीचा असतो. ॲम्पवरचे ‘गेन’ हे बटण म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. स्टिरिओच्या संकेताशी ॲम्प जुळवण्यासाठी ते असते, आणि ते टोकाला फिरवून ठेवल्याने गाणे फाटते व सबवूफरची कॉइल जळते. बास बूस्ट बंद करावा, सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचेच सूर द्यावेत आणि गेन इतका ठेवावा, की बास डिकीतून येतो आहे हे जाणवू नये. तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा ऐकू येऊ लागला, की जुळवणी बरोबर झाली. पंचवीसेक लिटरच्या बंद पेटीतील दहा इंची सबवूफर सेडानला पुरेसा होतो, आणि ती पेटी स्टेपनीच्या झाकणावर येणार नाही अशी ठेवता येते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर नियमाने बंदी आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, हेही त्याच्या कानावर घालावे. त्याने स्वतःच्या कमाईतून घरच्या जुन्या गाडीवर खर्च केला, याचे कौतुक आधी करावे, म्हणजे बाकीचे तो ऐकेल.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गाडीत सीटपर्यंत पाणी होते. गाडी दुरुस्त झाली. आता तिच्यात ॲम्प बसवायचा आहे. सीटखाली बसवू का? पुन्हा पाणी आले तर?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सीटखाली नको. ती गाडीतील सर्वांत खालची जागा आहे, आणि कार्पेटखालचा फोम एकदा भिजला की आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मागच्या सीटच्या पाठीला, डिकीच्या बाजूने, मरिन प्लायच्या फळीवर ॲम्प उभा बसवावा आणि वायरी वरून खाली न आणता खालून वर ॲम्पमध्ये न्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत शिरणार नाही. जोड कार्पेटखाली ठेवू नयेत. ठेवावेच लागले तर आत डिंक असलेल्या हीट-श्रिंक नळीने बंद करावेत. काम सुरू करण्यापूर्वी पुराच्या वेळी भिजलेले जुने कनेक्टर एकेक उघडून पाहावेत. जे हिरवे किंवा काळे पडले आहेत ते साफ करत न बसता बदलावेत, आणि त्यानंतरच नवे सामान जोडावे.

वाशिष्ठीचे पाणी चढण्याचा इशारा मिळाला आणि गाडी हलवता येत नसेल, तर बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारू नये. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून आत ओल आहे का ते पाहावे, ऑइलची काडी काढून ऑइल दुधाळ झाले आहे का ते पाहावे, आणि यांपैकी काहीही आढळले तर सर्व प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय व ऑइल बदलल्याशिवाय चावी फिरवू नये.